हळद लागलेला किडा

माझे चुलते गोपाळकृष्ण यांना सगळं खालापूर अप्पा म्हणे. त्यांनी आयुष्यात दोनच कामं मनापासून केली. लोकांच्या पोरांना देवी टोचल्या आणि खाडीतले किडे पाहिले. पहिल्याचा पगार मिळे, दुसऱ्यापायी गावभर हसं होई. आमच्या घरात त्यांची ही गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत आणि जो तो सांगताना अप्पांना थोडं जास्त शहाणं करून ठेवतो. मी तसं करणार नाही. मी ती खुद्द द्वारकाकाकूंच्या तोंडून ऐकली आहे. आपल्या नवऱ्याला फाजील शहाणं ठरवण्याची त्यांना कधीच हौस नव्हती.

आगगाडी घाट चढू लागून पंचवीसेक वर्षं झाली असतील, त्या वेळची ही गोष्ट. अप्पा सरकारी देवी डॉक्टर होते. खोपोलीपासून पाताळगंगेच्या काठाकाठाने थेट आपट्यापर्यंतची गावं त्यांच्याकडे. देवी डॉक्टर आला म्हटलं की आया पोरांना भाताच्या कणगीत दडवायच्या. बाकीचे टोचणारे पाटलाला बोलवत, दम देत. अप्पा आपले ओट्यावर बसायचे, खिशातलं भिंग काढायचे आणि एखादा मुंगळा पकडून त्याच्याकडे टक लावून बघत म्हणायचे, "अगागा, काय मिशा आहेत!" थोड्या वेळाने कणगीचं झाकण हलायचं. सगळी पोरं मुंगळा बघायला बाहेर आली की अप्पा एकेकाचा दंड धरायचे. ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. मुलं शहाणी होतात असं म्हणतात, पण मुंगळ्याच्या मिशांपुढे कुणाचं शहाणपण टिकत नसावं.

किड्यांचा नाद त्यांना लावला फेन्विकसाहेबांनी. हे खात्यातले वरचे साहेब, ब्रह्मचारी, उन्हाळ्यात माथेरानला जाऊन फुलपाखरं धरणारे. अप्पांचं भिंग बघून ते खूश झाले. त्यांनी आपला जुना पितळी सूक्ष्मदर्शक अप्पांना वापरायला दिला आणि किड्यामुंग्यांची वर्णनं असलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही दिलं. पुस्तक जुनं होतं. तिकडे युरोपात त्यानंतर बरंच काही शोधून झालं होतं, पण पुस्तकाला ते ठाऊक नव्हतं आणि म्हणून अप्पांनाही नव्हतं.

आपट्याजवळ पाताळगंगेला भरती चढते. पाणी मचूळ होतं आणि ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात बोटभर लांबीचा एक किडा राहतो. गांडुळासारखा, पण दोन्ही बाजूंना कंगव्यासारखे पाय आणि पायांतून राठ केसांचे झुबके. खाडीकाठच्या गावातला हिरामण नावाचा तरुण शेतकरी गळाला लावायला हे किडे खणायचा. लहानपणी अप्पांनी त्याला टोचलं होतं, तेव्हा त्याने अप्पांच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. त्यावरून दोघांची ओळख झाली आणि ती घट्ट राहिली. लंगोटी लावलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला हिरामण मातीच्या मडक्यात किडे घेऊन यायचा आणि विचारायचा, "अप्पा, यांना तुमी खाता का काय?"

अप्पांनी चिखलातला तो मळकट, हिरवट किडा पुस्तकातल्या एकूण एक किड्यांशी ताडून पाहिला. कुणाशीच जमेना. म्हणजे नवी जात! त्यांनी तिला साहेबांचं नाव दिलं, नेरीस फेन्विकी. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी माथेरानवर मित्रांना मेजवानी दिली.

पुढच्या थंडीत हिरामणने अवसेच्या सांजेला, भरतीच्या पाण्यावर पोहणारे वेगळेच किडे फडक्यात गाळून आणले. अप्पांनी लगेच भिंग काढलं. पुढचा भाग निळसर, मागचा गुलाबी. डोळे एवढे टपोरे की जागेवरून बाहेर यायला बघत होते. मागच्या पायांना राठ केसांऐवजी वल्ह्यांसारखी चपटी पाती. ही दुसरी नवी जात, आणि पहिलीपेक्षा शंभरपट देखणी. त्या दिवशी घरी येऊन अप्पांनी काकूंना सांगितलं, "ही तुझी. हिला तुझं नाव."

इथे काकूंबद्दल सांगायला हवं. लग्नाला वीसेक वर्षं होऊन गेली होती आणि पाळणा हलला नव्हता. काकूंना त्याचं फार दुःख होतं आणि ते त्या कधी लपवत नसत. कुणी खोदून विचारलं तर सरळ म्हणत, "नाही झालं. रडून झालं. आता पापड लाटू द्या." पण आपल्या मागे आपलं नाव सांगणारं कुणी राहणार नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यामुळे किडा का होईना, जगाच्या पुस्तकात 'द्वारका' लिहिलं जाणार म्हटल्यावर त्या हरखून गेल्या. नदीवर धुणं धुताना त्यांनी सगळ्या बायकांना सांगितलं. बायका म्हणाल्या, "किड्याला? अगंबाई!" काकू म्हणाल्या, "तुमच्या पोरांपेक्षा देखणा आहे."

होळीच्या सुमारास अप्पांनी दोन्ही जातींची वर्णनं आणि चित्रं मुंबईतल्या विद्वानांच्या एका मंडळाकडे धाडली. पुढच्या वर्षी ती छापली जाणार होती.

वैशाखात हिरामणचं लग्न निघालं. अप्पांना आग्रहाचं बोलावणं. अप्पा उन्हातून तंगडतोड करत पोचले, तेव्हा मांडवात धवलारीण धवले गात होती. त्या भागात लग्नं भटजीपेक्षा धवलारणीच्या गाण्यांवर लागतात, आणि सोनाबाई धवलारणीचा आवाज तीन शेतं ओलांडून ऐकू येई. बाहेरच्या उन्हातून मांडवाच्या अंधारात आल्यावर अप्पांना काही दिसेना. एक जागा मोकळी दिसली, तिथे ते बसले. शेजारी एक तरुण पाटावर मांडी घालून होता. अंगभर पिवळीधमक हळद, डोक्याला बाशिंग, बाशिंगाच्या झालरी हनुवटीपर्यंत लोंबलेल्या. अप्पांनी त्याला नमस्कार केला आणि गप्पा सुरू केल्या.

"ऊन काय आहे हो! तुम्ही कुठले? नवरीकडचे?"

तो तरुण काही बोलेना. नवरदेवाने फार तोंड उघडू नये असं त्याला बजावून ठेवलेलं. अप्पांना वाटलं, लाजाळू दिसतोय.

"हा हिरामण कुठे दडलाय? महिना झाला, मला एक किडा आणून दिला नाही लेकाने. लग्न ठरलं की माणसं कामातून जातात. तुम्हाला भेटला तर सांगा त्याला. म्हणावं, अप्पा चिडलेत."

झालरी हलायला लागल्या. पलीकडच्या बायका पदरात तोंड खुपसून बसल्या होत्या. सोनाबाईचा धवला हसण्याने मध्येच तुटला.

"आणि असा आळशी आहे म्हणून सांगतो..."

"अप्पा!" झालरींच्या आतून कळवळून आवाज आला. "अवो मीच हाय ना! हिरामण! वळखत नाय का मला?"

मग मांडव जो हसत सुटला तो आवरेना. नवरदेवही हसला. हसताना त्याने झालरी बाजूला केल्या आणि पिवळ्या तोंडात त्याचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. तो दात अप्पांनी हजारदा पाहिला होता. लहानपणी त्यांच्याच हाताला तो चावला होता.

सगळे हसत होते, पण अप्पा हसले नाहीत. ते त्या दाताकडे बघत राहिले. मग उठले, पागोटं तिथेच विसरले आणि मांडवाबाहेर चालते झाले. मागून सोनाबाई ओरडली, "अवो डाक्टर, अक्षता तरी टाका!" अप्पांनी ऐकलंसुद्धा नाही. लोकांना वाटलं, रागावले.

रागावलेबिगावले काही नव्हते. घडलं होतं ते असं. हे किडे चावायला लागले की घशाचा भाग मोज्यासारखा उलटा करून बाहेर काढतात. त्याच्या टोकाला दोन आकडेदार दात असतात आणि सभोवती बारीक काळे दाणे, ठराविक ठिकाणी ठराविक नक्षीत. अप्पांनी दोन्ही किड्यांचे दाणे पाहिले होते. नक्षी सारखी होती. पण रंग वेगळा, डोळे वेगळे, केस वेगळे, तेव्हा चुलतभाऊ असतील म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला होता. आता वाट चालताना ते स्वतःशीच मोठ्याने बोलत होते, "हळद लागली म्हणून माणूस दुसरा झाला होय रे गाढवा? दात तेच, तर माणूस तोच!" वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने पुढे कित्येक दिवस गावात सांगितलं की देवी डॉक्टरला ऊन लागलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. दोन जाती नाहीत, एकच आहे. चिखलातला मळका किडा लग्नाचा झाला की रूप पालटतो आणि वरातीला निघतो. अप्पा आनंदाने नाचायचे तेवढे बाकी होते. मग त्यांना काकूंचा चेहरा दिसला.

"मग नाव?" काकूंनी विचारलं.

अप्पांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "आमच्या शास्त्रात एका जातीला एकच नाव. आधी दिलेलं असेल ते राहतं. आधी मी साहेबांचं दिलं होतं." मग म्हणाले, "पण अजून सिद्ध कुठे झालंय? एक रूप पालटून दुसरं होताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

 दुसऱ्या दिवशी मिठाच्या गाडीतून खाडीच्या पाण्याच्या घागरी आणि चिखलातले किडे आले. नव्या नवऱ्याने स्वतः पाठवले होते, बहुधा आळशी म्हटल्याचा राग ठेवून. अप्पांनी ते तांब्याच्या घंगाळात ठेवले आणि सगळे दुपारपर्यंत मेले. तांबं त्यांना सोसेना. पुन्हा किडे आणवले. तेव्हा काकूंनी फळीवरून आपली कोशिंबिरीची दगडी, ते दगडाचं खोलगट भांडं, काढली आणि अप्पांपुढे आदळली. "घ्या. यात ठेवा. काकडी आता हातावर खा."

अप्पा फिरतीवर गेले की किड्यांचं पाणी बदलण्याचं काम काकूंकडे. त्या आधी नाक मुरडत बदलायच्या, मग गाणं गुणगुणत बदलायला लागल्या. पाऊस आला, गेला, भात कापायला झालं. एकदा अप्पा चौक गावाच्या बाजूला टोचायला गेले असताना काकूंनी भिंग लावून पाहिलं, तर एक किडा अर्धाच बदललेला. पुढून तोच मळकट हिरवा. डोळे मात्र फुगलेले. मागचा भाग गुलाबी व्हायला लागलेला, आणि पायांना राठ केसांच्या शेजारीच नवीन चपटी पाती फुटलेली. जुनं आणि नवं एकाच अंगावर.

काकू मला म्हणाल्या होत्या, "मी त्याच्याकडे बघत बसले. हे बघितलं म्हणजे माझं नाव गेलं, हे मला कळत होतं. दगडी मोरीत उपडी केली असती तर कुणाला कळणार होतं? तांब्यात मेलेच होते की आधी." मी विचारलं, "मग का नाही केलीत?" तर माझ्यावर डाफरल्या, "अरे, त्याचं लग्न होतं ना!"

त्यांनी लगोलग चौकला निरोप धाडला. अप्पा धावतपळत आले.

पुढच्या अवसेला, दिवेलागणीच्या सुमारास, दगडीतले किडे वेड्यासारखे गोल गोल पोहायला लागले. अप्पा आणि काकू दिवा घेऊन दोन बाजूंना बसले. पाणी एकाएकी दुधाळ झालं. काकूंना वाटलं, नासलं. अप्पांनी एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, पाहिला आणि बाजूला सरकले. काकूंनी डोळा लावला. त्या एका थेंबात दाण्यादाण्यासारखी अंडीच अंडी होती, इवलीइवली, पारदर्शक, प्रत्येकाच्या आत काहीतरी चमकणारं.

काकू हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. "एवढी!" म्हणाल्या. "एका थेंबात एवढी!" अप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दगडीच्या तळाशी किडे रिकामे होऊन पडले होते. वरात संपली की ते जगत नाहीत.

डोळे पुसून काकू म्हणाल्या, "आता लिहा मुंबईला. साहेबांचंच नाव ठेवा. त्यांना तरी कोण आहे?"

"तुला वाईट वाटतंय," अप्पा म्हणाले.

"वाटतंय तर. पण बरं आहे बाई किड्याचं. लग्न झालं, रंग गेला, डोळे बदलले, तरी पहिलं नाव तेच राहतं. आमचं कुठे राहतं?"

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव संपतं. अप्पांनी मिसरूडही न फुटलेल्या वयात आईने सांगितलं तसं 'द्वारका' लिहिलं होतं. त्याआधी ह्या मुलीचं नाव काय, हे त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं आणि नंतर इतक्या वर्षांतही विचारलं नव्हतं. जगातल्या एकेका किड्याच्या नावाची चौकशी करणारा माणूस!

"तुझं आधीचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं.

"इश्श! आता काय करायचंय त्याचं?" म्हणून काकू उठून चुलीकडे गेल्या. काही केल्या सांगेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी सूक्ष्मदर्शक जुन्या धोतरात गुंडाळला, डोक्यावर घेतला आणि कर्जतची वाट धरली. साहेबांचा मुक्काम तिथल्या बंगल्यात होता. पण अप्पा आधी गेले कर्जतच्याच सासुरवाडीला. सासूबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. जावई असे अवचित, डोक्यावर गाठोडं घेऊन आलेले बघून त्या हातातली वात टाकून दाराशी आल्या. अप्पांनी धापा टाकत विचारलं, "लग्नाआधी तुम्ही तिला काय म्हणायचात?"

म्हातारी बघतच राहिली. मग तिचा सगळा चेहरा उजळला. "वेणू," म्हणाली. "आमची वेणी. आंब्यावरनं उतरायची नाही मेली. दिवेलागण झाली की अंगणातनं हाका मारून माझा घसा बसायचा." आणि जावयाला बसायलाही न सांगता ती वेणूच्या एकेक खोड्या सांगत सुटली. अप्पांना निघायला फार उशीर झाला, आणि तो त्यांनी खुशीने होऊ दिला.

बंगल्यावर त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं. जाती दोन नाहीत, एक आहे. अजून काही छापलेलं नाही आणि छापल्याशिवाय नाव पक्कं होत नाही, म्हणून लिहिणाऱ्याचा हात मोकळा आहे. आधीची दोन्ही नावं मी मागे घेतो आहे. जातीचं नाव राहील नेरीस वेणूई.

"ही वेणू कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी बायको."

"तिचं नाव तर द्वारका आहे ना?"

"ते मी ठेवलेलं, साहेब. हे तिचं स्वतःचं."

साहेब वाईट माणूस नव्हता. पण माथेरानवर मेजवानी देऊन बसला होता. त्याचे कान लाल झाले. त्याने एवढंच विचारलं, "माझा सूक्ष्मदर्शक?" अप्पांनी डोक्यावरचं गाठोडं टेबलावर ठेवलं. ते सोडून, काचा स्वच्छ पुसून, त्यांनी तो साहेबांच्या हवाली केला. पुढे जन्मभर त्यांनी खिशातल्या भिंगावर काम भागवलं. त्यांची बढती कधी झाली नाही. मी त्यांना कधी त्याबद्दल कुरकुरताना ऐकलं नाही. डोळे अधू झाल्यावर भिंग सापडेना म्हणून मात्र ते अख्खं घर डोक्यावर घेत.

तिथूनच त्यांनी मुंबईला नवं नाव लिहून पाठवलं आणि रिकाम्या डोक्याने परतीची वाट धरली. घरी पोचेतो सांज झाली. दार उघडं होतं. काकू आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या, थापण्याचा आवाज अंगणात येत होता. चारचौघांत सोडाच, घरातही अप्पांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या काळी कुणीच मारत नसे. अप्पा अंगणात उभे राहिले. आजूबाजूला कुणी आहे का पाहिलं. शेजारची बाई होती, तरी त्यांनी तोंडाशी हात नेला आणि गळा काढून हाक मारली.

"वेणू! ए वेणे!"

भाकरी थापायची थांबली, आणि क्षणाचाही विचार न करता आतून आवाज आला, "ओ आई, आले!"